महाबळेश्वरचे दोन विद्यार्थी

महाबळेश्वरास येणारा मनुष्य येथें काय पाहतो, असें विचारल्यास उत्तर ठरलेलें आहे. सकाळीं एक पॉइंट, संध्याकाळीं दुसरा. मध्यें वेण्णा तलाव, आणि जुन्या क्षेत्रांत पांच नद्यांचें उगमस्थान. या पॉइंटांचीं नांवें बहुतेक इंग्रजी आहेत. ज्या ठिकाणाला नाके खिंड म्हणत तें केट्स पॉइंट झालें. मढीमहालाचें आर्थर्स सीट झालें. आणि १८२८-२९ च्या सुमारास वसलेल्या पेठेस सर जॉन माल्कम यांचें नांव मिळून ती माल्कमपेठ झाली. साहेबांनीं आमच्या डोंगरास आपलीं नांवें दिलीं, ही गोष्ट सर्वांच्या लक्षांत येते. परंतु त्याच पिढीचे दोन साहेब आमच्या वस्तूंचीं, क्रियांचीं, पावसापाण्याचीं नांवें आमच्याच लोकांस विचारून उतरवून घेत होते, आणि त्या दोघांचाही या डोंगराशीं निकटचा संबंध होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत राहिलेली नाहीं. त्यांच्या नांवाचा पॉइंट नाहीं, हें एक कारण असेल.

गेल्या वैशाखांत आम्ही कांहीं दिवस येथें राहिलों तेव्हां मोल्सवर्थांचा मराठी-इंग्रजी कोश बरोबर आणला होता. बरोबर आमची पुतणी होती. ती पुण्यास जर्मन भाषा शिकते, तिच्या दोन परीक्षा झाल्या आहेत, आणि पुढील शिक्षणासाठीं तिला त्या देशांत जावयाचें आहे. सुटींत कोश वाचणारा काका पाहून तिला हसूं आलें. तिचें हसणें अगदींच निराधार नव्हतें. कोश ही अडल्या वेळीं उघडण्याची वस्तु, ओळीनें वाचण्याची नव्हे, असेंच बहुतेकांस वाटतें. तथापि हा एक कोश असा आहे कीं तो ग्रंथ म्हणून वाचावा व ग्रंथ म्हणूनच त्याची परीक्षा करावी. कारण परकी भाषा शिकणाऱ्या मनुष्याचे कष्ट आणि त्याचा आनंद, दोन्ही त्यांत पानोपानीं उमटलेले आहेत. प्रस्तुत लेखांत तेंच करण्याचा आमचा विचार आहे.

जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ चा. ऐन तारुण्यांत ते कंपनी सरकारच्या लष्करांतील अधिकारी म्हणून इकडे आले. पलटणींतील साहेबाला जेवढी मराठी पुरे होते, तेवढ्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. ते शब्द टिपूं लागले. पुढें सरकारचा आश्रय मिळाला, आणि टॉमस व जॉर्ज कँडी या जुळ्या भावांचें साहाय्य व शास्त्री मंडळींची मदत घेऊन १८३१ साली कोशाची पहिली आवृत्ति निघाली. तींत सुमारें चाळीस हजार शब्द होते. प्रकृति बिघडल्यामुळें मोल्सवर्थ विलायतेस परतले. त्यांनीं व कँडींनीं हातीं घेतलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनीं एकट्यानें पुरा करून १८४७ साली प्रसिद्ध केला. नंतर मोल्सवर्थ पुन्हां इकडे आले, आणि १८५७ साली पहिल्या कोशाची दुसरी आवृत्ति बाहेर पडली. आतां शब्दसंख्या साठ हजारांच्या घरांत गेली होती. कोशाच्या या दीर्घ उद्योगाचा कांहीं भाग महाबळेश्वराच्या थंड हवेंत झाला. लष्करी पेशा ख्रिस्ताच्या शिकवणुकीस धरून नाहीं, असें मनानें घेतल्यावर मोल्सवर्थांनीं ती नोकरी सोडली व तिचें वेतनही नाकारलें, असें त्यांच्याविषयीं सांगतात. लोक त्यांस मोलेसरशास्त्री म्हणत. एका लष्करी अधिकाऱ्याला लोकांनीं आपण होऊन शास्त्री म्हणावें, ही पदवी कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीहून लहान नव्हे.

हें काम त्या काळीं किती अवघड होतें, याची कल्पना आज येणें कठीण आहे. आज परभाषा शिकणाऱ्यासमोर व्याकरणें आहेत, कोश आहेत, ध्वनिमुद्रिका आहेत, शिक्षक आहेत. खिशांतल्या यंत्रास विचारलें तर तेंही उच्चार करून दाखवितें. मोल्सवर्थांच्या आधीं विल्यम केरी यांचें १८०५ सालचें व्याकरण व १८१० सालचा, मोडी टंकांत छापलेला, लहानसा कोश होता. १८२४ साली व्हॅन्स केनेडी यांचा आणखी एक निघाला. एतद्देशीय शास्त्र्यांनीं रचलेला महाराष्ट्र भाषेचा कोश १८२९ साली छापून निघाला, म्हणजे मोल्सवर्थांचें काम चालूं असतांनाच. आणि शिकावयाची भाषा कशी? जिच्यांत दगड पुरुष, भिंत स्त्री आणि घर नपुंसक. आणि असें कां, या प्रश्नास शिकविणाऱ्यापाशींही उत्तर नाहीं. 'चार' आणि 'चाक' यांच्या आरंभीं अक्षर एकच, पण उच्चार दोन. 'त्यानें पोळी खाल्ली, त्यानें लाडू खाल्ला' यांत खाणारा एकच असून क्रियापद पोळीच्या व लाडवाच्या पाठीमागें धांवतें.

याहून सूक्ष्म अडचणी पुढेंच आहेत. 'पत्र लिहिलें' हें वाक्य कोणीही परका चार दिवसांत शिकेल. परंतु 'लिहून ठेवलें', 'लिहून टाकलें', 'लिहून दिलें', 'लिहून घेतलें' आणि 'लिहून बसला' यांतील भेद त्यानें कोठून शिकावा? ठेवण्यांत पुढची तरतूद आहे, टाकण्यांत सुटकेचा श्वास आहे, बसण्यांत पश्चात्ताप आहे. पत्र तेंच, लिहिणारा तोच. बदललें तें मन. तीच गोष्ट सर्वनामांची. इंग्रजांचें 'वुई' एकच. आमच्यापाशीं 'आम्ही' आहे आणि 'आपण' आहे. 'आम्ही उद्यां वाईस जाणार' असें म्हटलें कीं ऐकणारा घरीं राहिला. 'आपण उद्यां वाईस जाणार' म्हटलें कीं त्यानें पिशवी भरावयास घ्यावी. आम्ही तीस वर्षें इंग्रजी शिकविलें, पण हा भेद आमच्या ध्यानांत प्रथम एका परदेशी पाहुण्याच्या प्रश्नानें आला. तोंवर आम्ही तो रोज पाळीत होतों आणि आम्हांस तो ठाऊक नव्हता. परभाषा शिकणारा मनुष्य यजमानाच्या घरांत प्रथम अडखळतो तें त्या घराच्या उंबऱ्यावर; आणि घरच्या लोकांस आपल्या घराला उंबरा आहे हें तेव्हांच कळतें.

आतां कोशाकडे वळूं. या कोशाचा पहिला गुण असा कीं तो सोंवळा नाहीं. विद्वान् मनुष्य कोश करूं लागला म्हणजे त्याची ओढ संस्कृत शब्दांकडे असते. पोथींतला शब्द त्याला शब्द वाटतो आणि बाजारांतला शब्द अपभ्रंश वाटतो. मोल्सवर्थांस शास्त्र्यांचें साहाय्य होतें, तरी त्यांनीं आपला कान शास्त्र्यांपाशीं गहाण टाकला नाहीं. शेताचे, गोठ्याचे, नौकेचे, बैलगाडीचे, पेठेंतल्या हिशेबाचे, भांडणाचे, लडिवाळपणाचे, आणि सभ्य गृहस्थ मुलांसमोर उच्चारणार नाहीं असेही शब्द त्यांनीं घेतले. फारशी-अरबी मूळ असलेल्या शब्दांस त्यांनीं परके म्हणून हांकलून दिलें नाहीं; मूळ कोठलें तें नोंदवून जागा दिली. कोंकणांतला शब्द, कुणबाऊ शब्द, काव्यांतला शब्द अशा खुणाही त्यांनीं केल्या. ज्यास शिकावयाचें आहे त्यास भाषेंत उच्चनीच पाहण्याची सोयच नसते. घोड्याच्या नालबंदाला काय म्हणावें हें अडलें असतां अमरकोश उपयोगी पडत नाहीं.

दुसरा गुण अर्थ देण्याच्या पद्धतींत आहे. पुष्कळ कोशकार एका शब्दापुढें दुसरा शब्द ठेवून मोकळे होतात. मोल्सवर्थ तसें करीत नाहींत. कडकड, खडखड, गडगड, धडधड यांसारखे ध्वनीचें अनुकरण करणारे शब्द आले कीं त्यांची इंग्रजी भाषा जणूं पळापळ करूं लागते. एक क्रियापद पुरत नाहीं म्हणून ते दुसरें आणतात, तिसरें आणतात, आणि तरीही कांहीं उरलें असें वाटल्यास तो आवाज कोणत्या वस्तूंचा हें सांगतात. अशा ठिकाणीं वाचकास स्पष्ट दिसतें कीं हा मनुष्य आपल्या भाषेंतून मराठी मोजीत नसून मराठीच्या मापानें आपली भाषा ताणून पाहत आहे. म्हणी, वाक्प्रचार, एका शब्दाचीं निरनिराळ्या प्रसंगींचीं रूपें यांचा संग्रह याच वृत्तीनें झाला आहे. परभाषेच्या अभ्यासांतील आनंद म्हणतात तो हाच. आपल्या भाषेंत ज्याला नांव नव्हतें अशा एखाद्या वस्तूस, आवाजास किंवा मनाच्या अवस्थेस नांव आहे असें एके दिवशीं आढळतें. आणि ती अवस्था त्या दिवसापासून आपलीही होते.

दोष नाहींत असें नाहीं. शब्दांच्या व्युत्पत्तीचा भाग आजच्या भाषाशास्त्राच्या दृष्टीनें लंगडा आहे. साहाय्यक मंडळी बहुतेक ब्राह्मण शास्त्र्यांची असल्यामुळें कुणब्याचा शब्द आला तरी तो पुष्कळ वेळां ब्राह्मणाच्या कानांतून आला आहे. स्त्रियांच्या खाजगी बोलण्यापर्यंत, जात्यावरच्या व पाणवठ्यावरच्या भाषेपर्यंत, साहेबांचा हात पोंचणें कठीणच होतें. जातींच्या नांवांचे अर्थ देतांना त्या काळचे पूर्वग्रह अर्थाच्या वेषांत आंत शिरले आहेत, आणि आजच्या वाचकानें ते ओळखूनच पुढें जावें. परंतु पहिल्या आवृत्तीनंतर सव्वीस वर्षांनीं तोच मनुष्य पुन्हां आरंभापासून बसतो आणि वीसएक हजार शब्दांची भर घालतो, ही गोष्ट सर्व दोषांच्या जमाखर्चांत मोठ्या अक्षरांनीं मांडली पाहिजे. चाळीस हजार शब्द छापून झाल्यावर दुसरा कोणीही आपणांस मराठी आली असें समजला असता. १८६३ साली बाबा पदमनजी यांनीं या कोशाचा संक्षेप केला; १९३२ ते १९३८ या वर्षांत दाते-कर्वे यांनीं महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग काढले, तेव्हांही मोल्सवर्थांचें ऋण टाळतां आलें नाहीं; १९७५ साली पुण्यास त्याचें पुनर्मुद्रण झालें; आणि आज तो शिकागो विद्यापीठाच्या कृपेनें संगणकावर कोणासही उघडतां येतो. इतक्या पिढ्यांच्या कामीं आलेला हा ग्रंथ मुळांत एका विद्यार्थ्याची वही आहे.

आतां दुसऱ्या विद्यार्थ्याविषयीं. टॉमस कँडी यांचा मराठीचा अभ्यास मोल्सवर्थांहून कमी होता असें म्हणवत नाहीं. ते पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख झाले, सरकारचे मराठी भाषांतरकार झाले, शाळांच्या क्रमिक पुस्तकांवर त्यांची देखरेख राहिली. आज मराठी वाक्यांत आपण जीं विरामचिन्हें सहज घालतों, त्यांची पद्धतशीर माहिती देणारें पुस्तक त्यांनींच १८५० साली काढलें. या परिच्छेदांतील प्रत्येक स्वल्पविराम थोडासा त्यांचा आहे. नवनीताचे संपादक परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्यासारख्या रसिक पंडिताचें साहाय्य त्यांस होतें. आयुष्याचीं पन्नासांहून अधिक वर्षें त्यांनीं या देशांत घालविलीं, आणि १८७७ साली याच महाबळेश्वरीं देह ठेविला. अशा माणसाविषयीं कृतघ्नतेनें बोलणें आम्हांस शोभणार नाहीं.

तरी पण एक गोष्ट बोललीच पाहिजे. कँडी जी भाषा शिकले, त्या भाषेचे ते पुढें परीक्षक झाले. शाळाखात्यासाठीं पुस्तक लिहिणाऱ्या मराठी ग्रंथकाराचें मराठी बरोबर कीं चूक, हें ठरविण्याचा अधिकार एका इंग्रज गृहस्थाकडे आला. त्यांनीं सुचविलेलें वळण नेटकें होतें, स्पष्ट होतें, मुलांस समजण्यासारखें होतें; परंतु तें एकच वळण होतें. ज्या भाषेंत बखरकार एका दमांत अर्धें पान लिहीत, आणि ज्या भाषेंत पंतकवि व शाहीर शेजारीं शेजारीं नांदले, ती भाषा छापखान्यांत शिरतांना एकाच शिंप्यानें बेतलेला अंगरखा घालूं लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ साली निबंधमाला सुरू केली ती मराठी भाषेच्या सांप्रतच्या स्थितीवरील निबंधानें, यांत योगायोग नाहीं. आपली भाषा कशी लिहावी हें परक्यानें सांगावें आणि आपण तें मान खालीं घालून ऐकावें, या अवस्थेची चीड त्यांच्या लेखणीस होती.

मोल्सवर्थ आणि कँडी यांच्यांतील हा भेद स्वभावाचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. दोघेही कष्टाळू, दोघेही धार्मिक, दोघांचेंही मराठीवर प्रेम. भेद खुर्चीचा होता. मोल्सवर्थांच्या हातीं कोणाचें पुस्तक मंजूर करणें किंवा परत पाठविणें नव्हतें. त्यांस एकच काम, तें म्हणजे विचारणें. कँडींच्या हातीं तांबडी पेन्सिल आली. विद्या तीच राहिली, पण जो कान होता त्याचें तोंड झालें.

हें लिहितांना आम्हांस एका विद्यार्थ्याची आठवण होते, आणि ती येथें सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. सुमारें वीस वर्षांपूर्वीं साताऱ्याच्या पूर्वेकडील एका खेड्यांतून आलेला मुलगा आमच्या वर्गांत होता. इंग्रजी निबंधासाठीं आम्हीं 'माझ्या आयुष्यांतील एक दिवस' हा विषय दिला. बाकीच्यांनीं सहलीवर लिहिलें. त्यानें वडिलांनीं यात्रेंत बैल विकला त्या दिवसाविषयीं लिहिलें. बैल नव्या धन्याबरोबर जाईना, वडील मागें वळून पाहीनात, आणि परत येतांना मोकळा कासरा कोणी धरावयाचा हें बापलेकांस कळेना, असा मजकूर होता. इंग्रजी मोडकें होतें. क्रियापदांचे काळ एकमेकांत मिसळले होते, कासऱ्यास इंग्रजी शब्द न मिळाल्यानें त्यानें 'कासरा' हाच शब्द रोमन अक्षरांत लिहिला होता. आम्हीं त्या तीन पानांत चाळीसएक चुका तांबड्या शाईनें दाखविल्या, 'कासरा' शब्दाखालीं दोन रेघा ओढल्या, आणि शेवटीं काळांचा अभ्यास करावा असा शेरा दिला. बैलाविषयीं एक अक्षर लिहिलें नाहीं. त्या मुलानें नंतरचे सर्व निबंध मार्गदर्शिकेंतून उतरवून दिले. त्यांत चुका नव्हत्या. आम्हीं त्यांस चांगले गुण दिले.

तेव्हां कँडींवर टीका करणाऱ्या या लेखकाचा स्वतःचा हात कोणत्या शाईनें माखला आहे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. मोल्सवर्थांनीं त्या 'कासरा' शब्दाखालीं रेघ ओढली नसती. त्यांनीं तो मुलाला विचारून वहींत उतरवून घेतला असता. परभाषेच्या शिक्षणांत चुका सुधाराव्या लागतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जें सांगावयाचें आहे तें आधीं ऐकून घ्यावें आणि मग कसें सांगावें तें शिकवावें, हा क्रम उलटला कीं शिकणारा निर्दोष होतो आणि मुका होतो.

विद्यार्थी होऊन परभाषेकडे जाणारीं माणसें आमच्या इतिहासांत नाहींत असें नाहीं. इंग्लंडांतून १५७९ साली गोव्यास आलेले फादर स्टीफन्स यांनीं आमची भाषा इतकी आत्मसात् केली कीं १६१६ साली राचोल येथें छापलेल्या ख्रिस्तपुराणांत त्यांच्या सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. तो परका आमच्याकडे आला. आमच्यांतून बाहेर गेलेलेही आहेत. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं बायबलाच्या मराठी भाषांतरासाठीं उतारवयांत हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. हातांत चांगलें इंग्रजी असतां त्यावरून भाषांतर करणें सोपें होतें, पण मूळ विचारल्यावांचून उतरवून घ्यावयाचें नाहीं असा त्यांचा निश्चय होता. त्यांच्या मराठीची कसोटी पंडितांची नव्हती. साध्या बाईस तें समजलें पाहिजे अशी होती. १९२२ साली त्या वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. धर्मानंद कोसंबी पालीसाठीं गोवा सोडून पुणें, काशी, नेपाळ करीत १९०२ साली सिंहलद्वीपास गेले. पुढें त्यांस अमेरिकेंत हार्वर्डला आणि रशियांत लेनिनग्राडलाही जावें लागलें. या तिघांनाही भाषा नोकरीसाठीं नको होती. प्रत्येकास एक ग्रंथ, एक प्रश्न किंवा एक लोकसमूह गांठावयाचा होता, आणि भाषा ही तिकडे जाण्याची वाट होती.

आमच्या सुशिक्षित वर्गाकडे पाहिलें तर काय दिसतें? आम्हीं इंग्रजी घेतली आणि ती चांगली घेतली, यांत संशय नाहीं. त्या भाषेनें आम्हांस निबंध दिला, कादंबरी दिली, वर्तमानपत्र दिलें, वादविवादाची शिस्त दिली. परंतु दीडशें-दोनशें वर्षें आम्ही सगळें जग त्या एकाच खिडकींतून पाहत आलों. फ्रेंच कादंबरी इंग्रजीवरून, रशियन कथा इंग्रजीवरून, ग्रीक नाटक इंग्रजीवरून. इतकेंच काय, शेजारच्या कानडीचा किंवा तेलुगूचा परिचयही पुष्कळांस इंग्रजीवरूनच होतो. सांगली-सोलापुराकडे घरोघर दोन भाषा बोलल्या जातात, आणि तेथील बाजारांतला हमाल ज्या सहजतेनें मराठींतून कानडींत जातो ती सहजता आमच्या पदवीधरांत नाहीं. त्या हमालास आपण बहुभाषाकोविद म्हणत नाहीं, कारण त्याच्यापाशीं प्रमाणपत्र नाहीं. दुसरीकडे, इंग्रजीचा अभ्यास करतांना आम्ही विद्यार्थी कमी झालों आणि उमेदवार अधिक झालों. साहेबाच्या खेड्यांतील शब्द आम्हीं कधीं विचारले नाहींत; साहेबाच्या परीक्षेंत कोणता शब्द येईल एवढेंच विचारलें. मोल्सवर्थांनीं मराठीचा जसा कोश केला तसा इंग्रजी बोलींचा कोश करावा असें आमच्यापैकीं कोणाच्या मनांत आलें नाहीं.

अलीकडे जर्मन, फ्रेंच, जपानी शिकणारीं मुलें पुण्यामुंबईकडे पुष्कळ झालीं आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. नोकरीसाठीं शिकतात म्हणून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. मोल्सवर्थही प्रथम नोकरीसाठींच शिकूं लागले असतील. प्रश्न आरंभ कशानें झाला हा नसून पुढें काय झालें हा आहे. आमच्या पुतणीस एक चिंता होती. ती एके संध्याकाळीं म्हणाली, "काका, मी कितीही शिकले तरी तिकडच्या लोकांना मी परकीच वाटणार. माझे उच्चार ऐकले कीं ते लगेच इंग्रजीत बोलायला लागतात." यावर धीराचें खोटें उत्तर देणें आम्हांस जमलें नाहीं. परका मनुष्य शेवटपर्यंत कांहींसा परकाच राहतो. मोल्सवर्थ मोलेसरशास्त्री झाले, तरी ते वाईच्या घाटावरच्या पंगतींत बसले नसते. पण परकेपणाचा एक उपयोग आहे, आणि तो दुसऱ्या दिवशीं आपोआप तिच्या ध्यानांत आला.

वळवाच्या पावसाचे दिवस होते. जुन्या महाबळेश्वराच्या वाटेवर मध विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईपाशीं आम्ही थांबलों, तोंच सर आली. बाईनें आपल्या बाटल्या आवरल्या आणि म्हणाली, "पावसानं उघाड दिली की या, पाव्हणं." परततांना पुतणीनें 'उघाड' म्हणजे काय असें विचारलें. आम्हीं सांगितलें, पाऊस थांबणें. तें उत्तर तिला पुरलें नाहीं. थांबणें वेगळें आणि उघाड देणें वेगळें असावें, असें तिचें म्हणणें पडलें. घरीं येऊन कोश उघडला. तेथें हा शब्द उघडणें, उघडा, उघडीप या आपल्या भावंडांत बसलेला होता. थांबण्यांत पाऊस संपतो. उघाडींत आभाळ दार उघडतें, आणि देणारा पाऊसच असतो. जन्मभर ऐकलेला शब्द आम्हीं त्या दिवशीं प्रथम पाहिला, आणि तो दाखविला परभाषेच्या विद्यार्थिनीनें, परक्याच्या कोशांत.

मग तिनें आपला जर्मन कोश काढला. बऱ्याच वेळानें तिला 'आउफहाइटरुंग' असा शब्द सांपडला. पाऊस जाऊन हवा स्वच्छ होणें हा त्याचा अर्थ. आणि मनुष्याची खिन्नता जाऊन तो प्रसन्न होणें हाही त्याचाच अर्थ. म्हणजे आमचें आभाळ उघडतें आणि त्यांचें आभाळ प्रसन्न होतें. दोन्ही शब्द तिनें वहींत एकाखालीं एक लिहिले. त्यांपैकीं बरोबर कोणता, असें तिनें विचारलें नाहीं.

दोन दिवसांनीं आम्ही पसरणीचा घाट उतरून वाईस आलों. वाटेंत तिनें आणखी सात-आठ शब्द लिहिले. त्यांतले तीन गाडीवानाला विचारून. आम्हीं आमच्या खिशांत हात घालून पाहिला. तांबडी पेन्सिल होती. तिच्या वहींतील एका शब्दाचें ऱ्हस्वदीर्घ चुकलें होतें. आम्हीं पेन्सिल बाहेर काढली नाहीं, आणि 'कासरा' हा शब्द तिला माहीत आहे काय, असें विचारलें.